परत येणे बाकी

सकाळी ओट्यावर दादर ज्वारी निवडत बसले होते तेव्हा धाकट्या भावाचा फोन आला. तो सारंगखेड्याला असतो, मी इकडे कोरीटला. "बाई, आपली हेमू गयी," तो म्हणाला. मी विचारलं, "कथा गयी?" हेमू सारखी कुठेतरी जायची, कधी नाशिक, कधी पुणे, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "गयी... गयीच." तेव्हा मला कळलं. सुपातली दादर तशीच बाजूला ठेवली, हात धुतले आणि दुपारच्या आत सारंगखेड्याला पोचले. नंदुरबारला कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात ती कॉम्प्युटरवर बसायची. त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेली. वय एक्केचाळीस. शेजारच्या बाईला वाटलं, डुलकी लागली.

हेमलता माझ्या भावाची एकुलती एक मुलगी. मी तिची फुई, म्हणजे आत्या. जन्मतःच तिच्या हृदयाला भोक होतं. नऊ वर्षांची असताना ऑपरेशन झालं आणि छातीवर वीतभर टाका राहिला. पुढे ती चांगली धडधाकट झाली, शिकली, इंजिनियर झाली, पुण्याला नोकरीला लागली. लग्नाचं वय झालं तेव्हा भावाने तिचा फोटो माझ्याकडे दिला, कारण आमच्या समाजात सोयरीक जुळवायचं काम चाळीस वर्षं मीच करत आले आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. पण तापीच्या दोन्ही अंगाच्या गावांत कोणाच्या घरी कोण लग्नाचं आहे, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोण वरून गोड आणि आतून खारट, हे सगळं मला तोंडपाठ होतं. या कामाचे माझे दोन नियम. खरं असेल ते सांगायचं, पण ज्याला गरज आहे त्यालाच, तोंडाने, आणि एकदाच. आणि सोयरीक जमली नाही तर मुलीचा फोटो तिच्या घरी परत नेऊन द्यायचा. नकार मिळालेला फोटो मध्यस्थाच्या घरी राहू द्यायचा नाही. तो हातोहात फिरतो आणि मुलीचं नाव उगाच चार ठिकाणी होतं.

हेमूसाठी दोन घरं पाहिली. दोन्हीकडे मी टाक्याचं सांगितलं. दोन्हीकडून "कळवतो" असं उत्तर आलं आणि पुढे काही आलं नाही. भाऊ माझ्याशी सहा महिने बोलला नाही. मी सांगितलं ते बरोबरच होतं, आजही तेच सांगितलं असतं. नंतर सून म्हणून घरात आल्यावर टाका दिसला असता, तर भोगायचं तिलाच होतं. हेमू मात्र मला काही म्हणाली नाही. नंतर तिनेच लग्नाचा विषय बंद केला.

पुण्याची नोकरी सोडून ती एक दिवस नंदुरबारला आली. स्टेशनाकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या, कॉम्प्युटर मांडले आणि मग माझ्याकडे आली. म्हणाली, "फुई, तुन्ह्या डोकामा जे शे ते मशीनमा टाकनं शे." मी म्हटलं, "मन्हं डोकं काय गोणी शे का, वती देवाले?" ती हसली, पण विचार पक्का करूनच आली होती. आपल्या भागातल्या सोयरिकी मोबाइलवर जुळवायच्या, घरबसल्या फोटो आणि माहिती पाहायची, असं ते होतं. नाव ठेवलं 'फुई'. वर डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचं चित्र. मी म्हटलं, हे माझं चित्र असेल तर नाक फार सरळ काढलंय.

वर्षभर ती दर रविवारी माझ्याकडे यायची. मी स्वयंपाक करत बोलायचे, ती मांडीवर कॉम्प्युटर ठेवून बसायची. अमक्या गावचं घर कसं, तमक्याची मुलगी कशी, असं ती विचारायची आणि मी सांगायचे. माझी भाची, माझ्याच नावाचं काम, मी का हात आखडेन? ती टिकटिक करत असायची, मला वाटायचं तिचं काहीतरी दुसरं चाललंय. मी काही विचारलं नाही. चूक इथे झाली, आणि ती दोघींची झाली.

'फुई' पहिल्या वर्षी चांगली चालली. मग अडकली. त्यात दोन बटणं होती, पसंत आणि नापसंत. हेमूने पुण्याच्या हिशेबाने ती केली होती. पण आपल्याकडे नापसंत असं कोण म्हणतं? आपल्याकडे "कळवतो" म्हणतात आणि दहा वर्षं कळवत नाहीत. नापसंतचं बटण कोणी दाबेचना. समोरच्याला कळलं तर वाईट वाटेल, उद्या बाजारात तोंड दाखवायचं आहे... पसंतचं बटणही कोणी दाबायचं नाही, कारण त्याहून चांगलं आलं तर? सगळेच मधे लटकलेले. हेमू मला दाखवायची, इतक्या मुली, इतकी मुलं आणि उत्तर कोणाचंच नाही. मी म्हटलं, तिसरं बटण कर, "कळवतो" असं. तिने खरंच केलं. त्या दिवसापासून सगळे तेवढंच दाबायला लागले.

मग घोड्यांचं झालं. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तिने टेबल मांडलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची माहिती भरून घ्यायला एक टॅब ठेवला होता. माझ्या जेठांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा, मुलगा भटू घोड्यांचा धंदा करतो. त्याने तासाभरासाठी तो टॅब मागून नेला. गिऱ्हाइकांना मोठ्या पडद्यावर घोडीचे फोटो दाखवायचे होते. दुसऱ्या दिवशी मला शहाद्याहून एका ओळखीच्या बाईचा फोन. "फुईबाई, पाच वरीसनी, रंग पांढरा, चाल रेवाल, दात पुरा... हाई पोर कोनी शे?" भटूच्या तीन घोड्या मुलींच्या यादीत जाऊन बसल्या होत्या, वर शिक्षण निरंक. भटूला मी उभा केला. "अरे मेल्या, घोडीस्ना फोटू कथा टाकात तू?" तो म्हणाला, "काकू, मी फक्त बटन दाबं. घोडी मातर इकाई गयी." हसणारे हसले. पण ज्यांच्या मुलींचे फोटो त्या घोड्यांच्या वर-खाली दिसले त्यांनी हसायचं कसं? दोन घरं भांडायला आली, आणि त्यांचं बरोबर होतं. हेमूने हात जोडले, सगळं ऐकून घेतलं. ती माणसं गेल्यावर हेमू मला म्हणाली, घोड्यांचं जाऊ दे, पण भटूच्या हातातला टॅब आपली सगळी दारं उघडू शकतो, हे मला आज कळलं.

त्यानंतर चार-पाच महिन्यांत तिने ठरवलं की बंद करायचं. तेव्हाच सुरतेकडून एक माणूस आला. पांढरे बूट, गोड बोलणं. त्याला कंपनी नको होती, कॉम्प्युटर नको होते. "बेन, सिर्फ यादी दे दो," एवढंच. कपडे, दागिने, कर्ज, विमा विकणाऱ्यांना लग्नाच्या घरांची यादी लागते म्हणे. हेमूला तो त्याच्याकडे नोकरीही द्यायला तयार होता. मी त्या दिवशी तिथेच होते. मला त्यात काही वाईट दिसलं नाही, तसं मी म्हणालेही. बुडालं तर बुडालं, निदान कोणाच्या उपयोगी पडू दे. हेमूने त्याला चहा पाजला, रस्त्यापर्यंत सोडून आली आणि मग माझ्यासमोर कॉम्प्युटर उघडून बसली. म्हणाली, यादी म्हणजे काय ते ऐक. आणि वाचायला लागली.

एकेका मुलीच्या नावापुढे गाव, वय, शिक्षण, आणि शेवटी एक रकाना होता, शेरा. शाळेत गुरुजी प्रगतिपुस्तकावर लिहायचे तो. त्या रकान्यात मी होते. लहानपणी फिट यायची, आता येत नाही. आईने विहीर जवळ केली होती, लोकांना ताप सांगितला. पाठीवर कोड आहे, बाहीखाली झाकतं. एक साखरपुडा मोडला, कारण मुलाकडचं, पण नाव मुलीचं झालं. माझेच शब्द, माझ्याच बोलण्याच्या चालीत. चुलीपाशी सांगितलेलं ओळीने लिहून ठेवलेलं. मी विचारलं, "मी बोलनू ते तू लिखं?" ती म्हणाली, "तू सांगे, नि मी लिखी ले." मी विचारलं, "त्या मानूसले यादी दिधी तर शेरा बी जाई का?" "बठ्ठं जाई, फुई."

त्यातली फिट येणारी मुलगी तेव्हा लग्न होऊन दोन लेकरांची आई झालेली होती. तिच्या सासूला मी स्वतः सांगितलं होतं, आणि त्या बाईने ते पोटात ठेवलं, घरातही कोणाला कळू दिलं नाही. अशी चाळीस वर्षांची घरं होती. मला माणसं खरं सांगायची ती मी ते चुकीच्या दारात नेणार नाही म्हणून. आणि ते सगळं आता त्या पांढऱ्या बुटांच्या खिशात जाऊ शकत होतं. मी म्हटलं, "बोलेल इरी जास, लिखेल ऱ्हाई जास. इतलं बी नही समजं तुले?" हेमू रडली नाही, माझ्याकडून शिकलेली. म्हणाली, "लिखेल पुसता येस, फुई. पन पुसाले बी लिखाएवढीच मेहनत लागस."

ती मेहनत तिने तीन महिने केली. कंपनी चालवताना तिला जेवढी राबताना पाहिलं नाही तेवढी ती बंद करताना राबली. लोक म्हणाले, बुडालेल्या दुकानाला कुलूप लावायला तीन महिने? पहिलं म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने सगळी दारं लिहून काढली. कुठून कुठून आत शिरता येतं, आणि कोणाकडे किल्ली आहे. ऑफिसात कामाला ठेवलेल्या दोन मुलींची नावं. पुण्याला प्रोग्राम लिहून देणारा एक जण, दोन लेकरांचा बाप, त्याच्या लॅपटॉपात पूर्ण नक्कल होती. भटूने नेलेला आणि हरवला म्हणून कधी परत न केलेला टॅब. भिंतीवर चिकटवलेला पासवर्डचा कागद, जो चहावाल्यालाही पाठ होता. एकेक दार बंद केलं की ती त्यावर काट मारायची. पुण्याला ती फोनवर सांगून थांबली नाही, बसने गेली, आणि मलाही नेलं. तो माणूस म्हणाला, ताई, मी पुसून टाकतो, तुम्ही कशाला आलात? हेमू म्हणाली, फुईला पुणं बघायचं होतं. आम्ही त्याच्या घरी चार तास बसलो, तो पुसेपर्यंत. पुणं मी काही बघितलं नाही.

मी विचारलं, दिसत नाही ते पुसलं गेलं कशावरून? पाटी पुसली तरी खडू फडक्यात राहतो. ती म्हणाली, बरोबर विचारलंस, म्हणून तर फडकीही शोधतेय. मशीन आपल्या नकळत नकला करून ठेवतं, त्याही पुसायच्या, आणि महिन्याने परत बघायचं, राहिलं तर नाही ना. भटूचा टॅब गोठ्यात कडब्यावर सापडला. घोडीने कोपरा चावला होता, पण चालू होता आणि आमच्या नावाने उघडाच होता. भटू म्हणाला, "हेमूताई, आते फोड टाक एकदाची." ती म्हणाली, आधी पुसते, मग फोड. फोडलेल्यातूनही काढता येतं.

शेवटी कॅलेंडरवर एकच दार उरलं. "आते तू," ती मला म्हणाली. मी चिडले. मी कोणाला काही दाखवते का? तिने माझा फोन मागून घेतला. त्यात इतकी वर्षं लोकांनी पाठवलेले मुलींचे फोटो आणि बायोडाटे पडून होते, मी कधी काढलेच नव्हते. काढायचे असतात हेच मला माहीत नव्हतं. कागदाचा फोटो परत नेऊन देणारी मी, फोनमधला फोटो कसा परत करणार? दुपारभर बसून तिने ते काढले. माझ्या पणतूचे दोन फोटोही त्यात गेले, त्यावर मी दोन दिवस बोलत होते. मग ती म्हणाली, फोटो ठेवायची तुझी पेटीही दाखव. मी म्हटलं, पेटीत काही नाही, माझा नियम तुला माहीत आहे. तरी तिने पेटी उघडली. तळाला घातलेला कागद उचलला... आणि थांबली. तिथे तिचाच फोटो होता, निळ्या साडीतला, त्या दोन घरी दाखवलेला. घरचीच पोर, परत काय द्यायचा, म्हणून मी ठेवून दिला होता, आणि मग विसरले. तिने तो पाहिला, परत कागदाखाली सारला. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "फुई, मन्हा शेरा काय व्हता?" मी सांगितलं, "छातीवर टाका शे. पोर चांगली शे." ती म्हणाली, "मंग बराबर सांगं तू."

शेरे तिने कुठेही कागदावर न काढता पुसले. मी शेजारी बसून होते. मला पडद्यावर फक्त एक रेघ डावीकडून उजवीकडे भरत गेलेली दिसली. बाकीची माहिती, फोटो, पत्रिका ज्यांच्या त्यांना परत दिल्या. बंद करतोय, तुमचं तुम्ही घेऊन जा, असं प्रत्येक घरी फोन करून सांगितलं. आले त्यांना हातात दिलं, नाही आले त्यांच्या घरी आम्ही दोघी गेलो. त्यासाठी तिने एक मोठी लांब वही केली. नाव, काय परत दिलं, घेणाऱ्याची सही, शेरा. मी म्हटलं, परत शेरा कशाला? ती म्हणाली, रकाना सवयीने आखला गेला, पण यात कोणी काही लिहायचं नाही. पूर्ण वही भरली, आणि तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा आहे. घोड्यांवरून भांडायला आलेल्या दोन्ही घरांच्याही सह्या त्यात आहेत. त्यातल्या एका बाईने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

एक गोष्ट तिने बंद केली नाही, ते नाव. इंटरनेटवर नाव भाड्याने असतं, दर वर्षी भाडं भरायचं. मी म्हटलं, दुकान नाही तर पाटी कशाला? तिने समजावलं. पाटी सोडली की दुसरा कोणी तीच उचलून लावेल. लोकांना वाटेल फुईच आहे, आणि आपल्या मुलींची माहिती त्याला पाठवतील. जुन्या पत्त्यावर येणारी पत्रंही त्याच्या हातात पडतील. "तुन्हं नाव सोडता येत नही, फुई." म्हणून तिने पुढच्या बऱ्याच वर्षांचं भाडं भरून ठेवलं. आजही ते उघडलं तर पदरवाली बाई दिसते, आणि खाली दोनच ओळी. 'फुई बंद आहे. तुमची माहिती इथे नाही.'

त्यानंतर तिने जिनिंगमध्ये नोकरी धरली. काही नातेवाइकांनी तिला 'बुडीत कंपनीवाली' म्हटलं, अजूनही म्हणतात. कंपनी बुडाली हे खरं आहे. पण इतकी वर्षं झाली, आमच्या भागात एकाही घरातून मला विचारणा आली नाही की फुई, आमच्या घरातलं हे बाहेर कसं गेलं. ते न घडलेलं आहे, म्हणून कोणाला दिसत नाही. मी लिहिते आहे ते एवढ्यासाठी. ती फार गोड होती, सगळ्यांची लाडकी होती, असं मी लिहिणार नाही. ती हट्टी होती, फोन उचलायची नाही, आणि भाजीत मीठ कमी घालायची.

तेराव्यानंतर भावाने तिच्या खोलीतलं सामान आवरायला मला बोलावलं. दोन गोष्टी त्याला टोचत होत्या. एक म्हणजे भिंतीवर लावायला तिचा धड फोटो नव्हता. जिनिंगच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला होता, त्यात डोळे कुठे आणि भुवया कुठे ते कळत नव्हतं. दुसरी ती वही. कपाटात कपड्यांखाली ठेवलेली होती. ही काय आहे, रद्दीत घालू का, त्याने विचारलं. मी म्हटलं, आण इकडे. ओट्यावर बसून पहिल्या पानापासून पाहिली. सह्या, अंगठे, पुन्हा सह्या. शेवटच्या पानावर शेवटची ओळ तिच्या अक्षरात होती. नाव, हेमलता. काय परत दिलं, याच्या पुढे लिहिलं होतं: 'फोटो. फुईकडे आहे. परत येणे बाकी.' सहीची जागा रिकामी.

मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी कोरीटला आले, पेटीतला कागद उचलला, फोटो घेतला आणि परत सारंगखेड्याला गेले. भावाने तो दोन्ही हातांत धरून खूप वेळ पाहिला. निळी साडी, केस नीट विंचरलेले, लग्नासाठी काढलेला म्हणून थोडी अवघडलेली. तोच आता भिंतीवर आहे, आणि त्याला हार आहे. मग मी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि पेन दिला. म्हटलं, कर सही, तुझ्या घरी परत आला. त्याने सही केली. त्याचा हात पुढच्या रकान्यावर थांबला. विचारलं, "बाई, शेरामा काय लिखू?"

मी म्हटलं, "काहीच नको लिखू. कोरं ऱ्हाऊ दे."